रविवारची नोंद

आपली कुत्री दिवसाला सरासरी एकोणतीस वेळा खाजवते, हे दप्तरदारांकडे लेखी होतं. इतरांची कुत्री 'सारखी' खाजवतात, 'फार' खाजवतात, नाहीतर 'हल्ली जरा जास्तच' खाजवतात. असले मोघम शब्द दप्तरदारांना खपत नसत. सत्तावीस वर्षं त्यांनी नगरपालिकेचा अभिलेख कक्ष सांभाळला होता. अभिलेख कक्ष म्हणजे तळघरातल्या तीन लांबलचक खोल्या, त्यात छतापर्यंत रॅक आणि रॅकवर शहरातल्या प्रत्येक गटाराचा, भिंतीचा आणि भांडणाचा कागद. कचेरीत त्यांना दप्तरदार म्हणत, ते नाव घरापर्यंत आलं आणि मग बायकोसुद्धा रागावली की त्याच नावाने त्यांचा उल्लेख करू लागली.

कुत्रीचं नाव टाचणी. मुलीने तिला उचलून आणलं तेव्हा ती टाचणीसारखी बारीक होती. आता ती उशीसारखी झाली होती, पण एकदा नोंदलेलं नाव बदलायचं तर केवढा उपद्व्याप, हे दप्तरदारांइतकं कोणाला ठाऊक असणार? म्हणून टाचणी ती टाचणीच राहिली.

तर ही टाचणी गेले दोन महिने खाजवत होती. कान, मान, पोट आणि शेपटीच्या मुळाशी जिथे तिचा पाय पोचत नसे तिथे दात. दप्तरदारांनी लगेच एक वही घातली. त्यात रकाने आखले: तारीख, वेळ, खाजवण्याची जागा, डावा पाय की उजवा, कालावधी आणि शेरा. सकाळी उठल्यापासून कचेरीला निघेपर्यंत आणि संध्याकाळी परतल्यापासून झोपेपर्यंत ते स्वतः नोंद करत. मधल्या वेळेचं काम बायकोकडे होतं आणि तिच्या चिठ्ठीवर रोज एकच वाक्य असे, 'झोपली होती.' बायकोच्या मते दुपारभर कुत्री झोपलेली असे. दप्तरदारांच्या मते बायको झोपलेली असे. तसा शेरा मात्र त्यांनी लिहिला नाही, कारण तेवढं व्यवहारज्ञान त्यांना होतं.

टाचणीचं प्रेम घरात सगळ्यांवर होतं, पण जीव होता तो दप्तरदारांवर. संध्याकाळी सहा चाळीसला जिन्यावर त्यांची पावलं वाजली की ती दाराशी हजर. दार उघडताच ती त्यांच्या अंगावर पुढचे पाय टाकी आणि त्यांच्या तपकिरी डगल्यात तोंड खुपसून मिनिटभर तशीच उभी राही. हा डगला ते कचेरीत धुळीपासून बचाव म्हणून शर्टावर चढवत. खरं तर तो कचेरीतच राहायचा, पण अडीच-तीन महिन्यांपूर्वी आधीचा डगला खुंटीवरून कोणीतरी लांबवला होता आणि तेव्हापासून हा रोज घरी येई. घरी आला की खुर्चीवर पडे, खुर्चीवरून टाचणी तो ओढून घेई आणि त्याच्यावरच झोपे. बायकोने तिच्यासाठी शिवलेली गादी कोरी करकरीत राहिली होती. दप्तरदार ही गोष्ट पाहुण्यांना सांगत तेव्हा त्यांचा आवाज जरासा भरून येई. सत्तावीस वर्षांत त्यांच्या वासावर इतकं प्रेम दुसऱ्या कोणी केलं नव्हतं.

भानगड सुरू झाली ती खालच्या मजल्यावरून. तिथे घड्याळवाले राहत. दुकान मुलाकडे सोपवून ते आता घरीच, खिडकीशी टेबल मांडून, डोळ्याला भिंग लावून जुनी घड्याळं दुरुस्त करत. टाचणी मागच्या पायाने मान खाजवू लागली की तिचं ढोपर फरशीवर आपटे, ठक ठक ठक, आणि घड्याळवाल्यांच्या चिमट्यातला मोहरीएवढा स्क्रू उडून जाई. एका सकाळी ते वर आले. बोलले फार थोडं, पण हातात एक कागद होता आणि त्यावर महिन्याभरातल्या ठकठकीच्या वेळा लिहिलेल्या होत्या. मिनिटांसकट आणि सेकंदांसकट.

दप्तरदारांनी तक्रार ऐकून घेतली, पण सेकंदांचा रकाना पाहून त्यांना मनातून फार लागलं. आपल्या वहीत सेकंद नाहीत, हे त्यांनी त्या दिवसापर्यंत कोणाला कळू दिलं नव्हतं.

दोन दिवसांनी सोसायटीच्या सेक्रेटरींची नोटीस आली. कुत्र्याची खाज संसर्गजन्य नसल्याचा सरकारी दाखला एका महिन्यात सादर करावा आणि ठकठक थांबवावी, अन्यथा कुत्र्याची अन्यत्र व्यवस्था करावी. अन्यत्र म्हणजे कुठे, हे घरात बोलायची गरज नव्हती. दप्तरदारांच्या मेव्हणीचा गावाबाहेर बंगला होता आणि अंगणात एक साखळी रिकामी होती. मेव्हणी स्वभावाने वाईट नव्हती, पण तिच्याकडे सोफ्यावरचं प्लास्टिकसुद्धा दुसऱ्या प्लास्टिकने झाकलेलं असे. टाचणी तिथे घरात येणार नाही, हे तिने आपुलकीने आधीच सांगून टाकलं. मुलगी त्या दिवशी जेवली नाही.

मग सल्ले सुरू झाले. समोरच्या काकूंनी व्हिनेगर सांगितलं, कारण त्यांच्या मिस्टरांच्या पायाला त्याने गुण आला होता. सेक्रेटरींनी स्वतः, खासगीत, तेल सांगितलं. दूध टाकणाऱ्याने दूध बंद करा म्हणून सांगितलं, हे त्याच्या धंद्याच्या विरुद्ध असल्याने दप्तरदारांना सगळ्यात विश्वासार्ह वाटलं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र टाचणीला टेबलावर घेऊन अंगभर कंगवा फिरवला, कातडी खरवडून काचेवर घेतली आणि सांगितलं की पिसवा नाहीत, गोचीड नाही, बुरशी नाही. कशाची तरी अ‍ॅलर्जी आहे. कशाची, ते शोधावं लागेल.

"एका वेळी एकच गोष्ट बदला," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवस बघा, मग दुसरी. नाहीतर कशाने बरं वाटलं तेच कळणार नाही."

हे दप्तरदारांना इतकं पटलं की त्यांनी घरी येऊन त्याचं परिपत्रक काढलं. सर्वांनी त्यावर सह्या केल्या आणि सर्वांनी ते गुपचूप मोडलं. बायकोने फरशी पुसायचं औषध बदललं, मुलीने शाम्पू बदलला आणि खुद्द दप्तरदारांनी दूध बंद केलं. शिवाय काकू जिन्यात भेटल्या की व्हिनेगरचा बोळा फिरवत होत्या तो वेगळाच. पंधरा दिवसांनी टाचणीला लोणच्यासारखा वास येऊ लागला आणि सरासरी एकतीसवर गेली.

डॉक्टरीणबाईंनी वही चाळली. चाळता चाळता त्या थांबल्या आणि त्यांनी विचारलं की ही रविवारी खाजवत नाही का, रविवारचं पान कोरं कसं.

"रविवारी नोंद होत नाही," दप्तरदार म्हणाले. "सुट्टी असते."

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. बाहेर एक मांजर ओरडत होतं, तिकडे त्या गेल्या. खरं सांगायचं तर रविवारी घरात सगळेच असत, त्यामुळे कुत्रीकडे कोणाचंच लक्ष नसे. आणि सुट्टीच्या दिवशी वही उघडायची हे दप्तरदारांच्या तत्त्वात बसत नव्हतं. मधे पाठ धरली म्हणून ते तीन दिवस रजेवर होते, तेव्हाही त्यांनी वही उघडली नाही. रजा म्हणजे रजा.

आता दाखला. दप्तरदार स्वतः नगरपालिकेतले, तेव्हा हे काम चुटकीसरशी होईल असं घरच्यांना वाटलं. दप्तरदारांना तसं वाटलं नाही, कारण ते नगरपालिकेतले होते. पशुविभागाच्या खिडकीवर बसलेल्या बाईंनी सांगितलं की आम्ही रोग असल्याचा दाखला देतो. नसलेल्या रोगाचा दाखला देण्याची तरतूद नाही. दप्तरदारांनी एका जुन्या परिपत्रकाचा क्रमांक सांगितला, तो त्यांना पाठ होता, आणि बाईंचा नाइलाज झाला. पण मग त्यांनी कुत्रीच्या परवान्याची मूळ नोंद मागितली. परवाना घरी होता, मूळ नोंद अभिलेख कक्षात होती.

म्हणजे दप्तरदारांनी दप्तरदारांकडे अर्ज करायचा होता. तो त्यांनी केला. अर्ज वरच्या मजल्यावर आवक झाला, दोन टेबलं फिरून तळघरात आला आणि दप्तरदारांनी त्यावर 'शोध घेण्यात यावा' असा शेरा मारून तो स्वतःकडे वर्ग केला. शोधाला सात कामाचे दिवस लागतात, असा नियम होता. तो त्यांनीच नऊ वर्षांपूर्वी घालून दिला होता, कारण लोक उभ्या उभ्या कागद मागायचे. बायको म्हणाली की अहो, कुठल्या रॅकवर आहे ते माहीत आहे ना, मग उद्या काढून आणा. दप्तरदार म्हणाले की आपल्या कुत्रीसाठी नियम मोडला तर उद्या लोक कोणत्या तोंडाने नियम पाळतील? बायकोने त्या दिवशी आमटीत मीठ घातलं नाही.

सातव्या दिवशी ते शिडी लावून सगळ्यात वरच्या रॅकवर चढले. टाचणीची नोंद त्यात बांधल्यापासून तिथला गठ्ठा कोणी हलवला नव्हता. तो ओढताच धुळीचा असा लोट खाली आला की शिडी धरून उभा असलेला शिपाई दिसेनासा झाला. दप्तरदारांना सतरा शिंका आल्या. पण शिंका त्यांना सत्तावीस वर्षं येतच होत्या, ते त्या नोकरीचाच भाग समजत. कागद मिळाला. तो घेऊन, पिठाच्या गिरणीतून बाहेर पडल्यासारखे पांढरे होऊन ते विजयी मुद्रेने घरी आले आणि टाचणीने त्यांना कधी नव्हे इतकं घट्ट कवटाळलं.

त्या संध्याकाळी तिने एकसष्ट वेळा खाजवलं. खाली घड्याळवाले एका शंभर वर्षांच्या घड्याळाची केसासारखी बारीक स्प्रिंग बसवत होते. ती उडाली ती उडालीच. दुसऱ्या दिवशी त्यांचं सगळं घर हातापायांवर रांगत होतं, तरी ती सापडली नाही.

दाखलाही मिळाला नाही. मूळ नोंदीत लिहिलं होतं 'रंग तपकिरी, अंगावर दाट केस' आणि खिडकीवरच्या बाईंनी टाचणीचा ताजा फोटो पाहून विचारलं की ही तीच कशावरून? खाजवून खाजवून टाचणीच्या मानेवर आणि पाठीवर टकलं पडली होती. तीच असल्याचं सिद्ध करायचं तर आधी खाज बरी व्हायला हवी होती.

सोसायटीने तातडीची मीटिंग बोलावली, तीही दप्तरदारांच्याच घरी, म्हणजे ठकठक प्रत्यक्ष पाहता येईल. सेक्रेटरी खुर्चीत, काकू पलंगाच्या कडेला, घड्याळवाले दाराजवळ ताठ उभे. मुलगी टाचणीला मांडीवर घेऊन आतल्या दारात बसली होती आणि दोन दिवसांपासून ती वडिलांशी बोलत नव्हती. तिच्या मते त्या सात दिवसांनी सगळं बिघडलं होतं. घड्याळवाल्यांनी आपला कागद वाचायला घेतला. आता तो एक कागद राहिला नव्हता, चांगला अकरा पानी झाला होता. वेळा वाचल्या जात होत्या, काकूंना डुलकी लागत होती आणि सेक्रेटरी ठराव लिहीत होते की सदर कुत्र्याची रविवारी सकाळी मेव्हणीकडे रवानगी व्हावी.

दप्तरदारांनी पडताळणीसाठी ती पानं मागून घेतली. अपमान व्हायचा तो झालाच होता, निदान समोरच्याच्या नोंदी तरी तपासाव्यात. त्यांनी आपली वही उघडून शेजारी ठेवली आणि ओळीवर बोट ठेवून जुळवायला सुरुवात केली. नोंदी निर्दोष होत्या. इतकं स्वच्छ काम त्यांनी कचेरीतसुद्धा पाहिलं नव्हतं. घड्याळवाल्यांना सुट्टी ठाऊक नव्हती. सकाळ, दुपार, संध्याकाळ, सगळ्या वारांची नोंद होती.

दुपारी: निरंक. रोजच्या रोज, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा चाळीस, निरंक. म्हणजे बायको झोपलेली नव्हती.

बोट पुढे गेलं. रविवार: निरंक. पुढचा रविवार: निरंक. सगळे रविवार निरंक. रविवारी डगला धुऊन दोरीवर असे. ज्या तीन दिवसांत पाठ धरली होती आणि डगला धुऊन कपाटात पडून होता, त्या दिवसांपुढेही तेच आणि ज्या दिवशी शिडीवर चढले त्या संध्याकाळपुढे एकसष्ट.

दप्तरदारांनी वर पाहिलं. कोणाच्याच लक्षात काही आलं नव्हतं. सेक्रेटरी शेवटची ओळ लिहीत होते. गप्प बसलं असतं तर काही बिघडणार नव्हतं. कुत्री गेली असती, तिथे बरी झाली असती, आणि सगळे म्हणाले असते की हवापालट मानवला. सत्तावीस वर्षांचं नाव, ती वही, डगल्याची ती पाहुण्यांना सांगायची गोष्ट, सगळं शाबूत राहिलं असतं. टाचणीने मुलीच्या मांडीवरून त्यांच्याकडे पाहिलं आणि फरशीवर शेपूट एकदा आपटली.

"थांबा," दप्तरदार म्हणाले. "ठरावात चूक आहे. खाज कुत्रीमुळे नाही. माझ्यामुळे आहे."

मग त्यांनी सगळं वाचून दाखवलं. वार, तारीख, वेळ. वाचताना त्यांचा आवाज कचेरीतल्यासारखा सपाट होता. मुलीने तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी सांगितलं की जुन्या कागदांच्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात, काही कुत्र्यांना ते अजिबात सोसत नाहीत, आणि ही तर त्या डगल्यावर तोंड खुपसून झोपते. डगला घरात आणू नका आणि तुम्ही अंघोळ केल्याशिवाय तिला जवळ घेऊ नका, मग बघू.

सेक्रेटरींनी पेन वर धरलं. कारण जर सभासद स्वतः असतील तर रवानगी कोणाची करायची, याबद्दल नियमात काही नव्हतं. काकू जाग्या होऊन म्हणाल्या की यांना मेव्हणीकडे पाठवून काय उपयोग? घड्याळवाले मात्र हळू आवाजात म्हणाले, "मला वाटायचं, तुम्ही आलात की ती आनंदाने नाचते."

अंघोळ कुठे करायची हा प्रश्न राहिला, कारण दप्तरदारांच्या न्हाणीघराकडे जायचा रस्ता टाचणीवरून होता. जिन्याखालच्या नळावर केली तर सोसायटीची परवानगी लागेल, असं सेक्रेटरी म्हणाले. तेव्हा घड्याळवाल्यांनी घसा खाकरून सांगितलं की माझं न्हाणीघर सहा चाळीसला मोकळं असतं. छत माझंच आहे, त्यात माझाही फायदा आहे.

सोमवारपासून तसं सुरू झालं. डगला कचेरीत कुलूपबंद झाला. संध्याकाळी दप्तरदार खालच्या मजल्यावर थांबत, घड्याळवाल्यांच्या साबणाने डोक्यापासून पायापर्यंत धुऊन निघत आणि धुतलेले कपडे घालून वर जात. दोनच दिवसांत बायकोने नवऱ्याला घराबाहेर काढल्याची बातमी सगळ्या जिन्यात पसरली. काकूंनी त्यांना थांबवून, दोघांनीही थोडं थोडं नमतं घ्यावं, असा सल्ला दिला. दप्तरदारांनी तो ओल्या केसांनी, टॉवेल खांद्यावर घेऊन, मान खाली घालून ऐकला.

पण त्यांना खरी भीती होती ती पहिल्याच संध्याकाळची. पाच पायऱ्या चढून ते थांबले होते. अंगाला दुसऱ्याच्या साबणाचा वास येत होता. टाचणीने जीव लावला तो कोणावर, आपल्यावर की त्या डगल्यावर, हे त्यांना आता कळणार होतं आणि ते कळू नये असं त्यांना फार वाटत होतं. शेवटी त्यांनी दार ढकललं. टाचणी पुढे आली. तिने गुडघा हुंगला, हात हुंगला, मग कुठेतरी काही चुकलंय असं वाटून पुन्हा गुडघा हुंगला. बायको पोळ्या लाटायची थांबली. दप्तरदारांनी हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. नुसतीच एक शिंक आली.

त्या शिंकेने काम केलं. टाचणीने पुढचे दोन्ही पाय त्यांच्या छातीवर टाकले आणि त्यांच्या धुतलेल्या शर्टात तोंड खुपसलं.

आठवड्याने घड्याळवाल्यांनी दाराखालून एक कागद सरकवला. त्यात रोज संध्याकाळी सहा अठ्ठावन्न ते सात चार अशी एकच नोंद होती आणि तिच्यापुढे शेरा होता: 'ठकठक सलग. पायाची नाही, शेपटीची. तक्रार नाही.'

दप्तरदारांनी तो कागद दोनदा वाचला. मग कपाटातून वही काढली, चष्मा पुसला आणि खुर्ची ओढून बसले. बायकोने आठवण करून दिली की अहो, आज रविवार आहे. ते हं म्हणाले आणि त्यांनी तारीख घातली. पायाच्या रकान्यात त्यांनी 'निरंक' लिहिलं. शेजारी एक नवा रकाना आखला, त्याला 'शेपूट' असं नाव दिलं, पायाशी झोपलेल्या टाचणीकडे बराच वेळ पाहिलं आणि सत्तावीस वर्षांत प्रथमच एक मोघम शेरा मारला: 'मोजता आले नाही.'